छत्री शारजात, रिचार्ज कऱ्हाडात

शारजाच्या रोला किंवा अल नहदा भागातल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर गेलात तर डिशच्या छत्र्यांची तोंडं बघा. बहुतेक छत्र्या नैर्ऋत्येला, नाहीतर जवळजवळ सरळ पश्चिमेला वळलेल्या असतात. त्यांचं लक्ष अरबसॅट आणि नाइलसॅटकडे. त्या गर्दीत चार-दोन छत्र्या मात्र आग्नेयेला मान करून उभ्या असतात. त्या आपल्या. त्यांच्या वायरी ज्या घरांत उतरतात तिथे संध्याकाळी सातला कुणीतरी महाराष्ट्रातली साडेआठची मालिका बघत असतं.

आमचीही अशी एक छत्री होती. सासूबाई पहिल्यांदा तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या तेव्हा लावलेली. पहिला आठवडा समुद्र, मॉल आणि गोल्ड सूकमध्ये गेला. दुसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे आपलं काही लागतच नाही का?" मग एका दुकानातून बॉक्स, छत्री आणि 'वर्षाचा पॅक' घेतला. चौथ्या महिन्यात पडदा काळा झाला आणि दुकानाचा फोन लागेना. पुढच्या खेपेला शहाणे होऊन आम्ही भाऊजींना सांगितलं. त्यांनी कऱ्हाडात स्वतःच्या नावावर कनेक्शन घेतलं आणि बॉक्स एका ओळखीच्याच्या बॅगेतून आला. छत्री शारजात, रिचार्ज कऱ्हाडात, असा आमचा संसार चार वर्षं चालला.

आखातात नव्याने निघालेली मंडळी अजूनही विचारतात, "घरचाच बॉक्स नेला तर चालेल का?" माझं उत्तर आता 'नका नेऊ' असंच आहे. पण नुसतं 'नका' म्हटलं की कुणी ऐकत नाही, म्हणून कारणांसकट सांगते. शिवाय ज्यांना कायदेशीर फुकट चॅनल पकडायचे आहेत त्यांनाही छत्रीचं गणित लागतंच.

पहिला प्रश्न साधा आहे. तुम्ही जिथे राहायला चालला आहात तिथून तो उपग्रह दिसतो का? डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरत असल्याने आकाशात एका जागी खिळल्यासारखे वाटतात. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहेत, डीडी फ्री डिश ज्यावर आहे तो जीसॅट-१५ साडेत्र्याण्णवला, डिश टीव्ही ९५ ला, एअरटेल १०८ च्या आसपास. लंडनहून बघितलं तर ८३ अंशांवरचा उपग्रहसुद्धा क्षितिजाच्या खाली जातो. न्यू जर्सीचा तर विचारच नको. त्यामुळे लेकीकडे इंग्लंड-अमेरिकेला बॉक्स घेऊन जाणाऱ्यांनी तो वीस किलोंच्या बॅगेतून आत्ताच काढून ठेवावा आणि त्या जागी लोणच्याची बरणी न्यावी.

आखातातून उपग्रह दिसतो, पण आपल्याकडे दिसतो तसा नाही. पुण्यात ८३ अंशांचा उपग्रह क्षितिजापासून साधारण ६६ अंश वर, म्हणजे बऱ्यापैकी डोक्यावर असतो. शारजा-दुबईत तोच आग्नेयेला ४७ अंशांवर येतो. ९५ चा ३७ अंशांवर आणि १०८ चा जेमतेम २५ अंशांवर. आता दुबईच्या इमारती डोळ्यांसमोर आणा. २५ अंशांवर समोरचा वीस मजली टॉवर आडवा आला की छत्री कितीही मोठी आणा, सिग्नल भिंतीतून येत नाही.

आणि उपग्रह दिसणं म्हणजे सिग्नल मिळणं नव्हे. भारतीय डीटीएचचा झोत भारतावर रोखलेला असतो. बागेत पाणी घालताना पाइपची धार झाडावर असते आणि शेजारच्या फरशीवर शिंतोडे उडतात, तसा आखातात येतो तो शिंतोडा. म्हणून आपल्याकडे साठ सेंटिमीटरच्या छत्रीवर भागतं आणि तिकडे चार-चार फुटांच्या छत्र्या दिसतात. व्यास दुप्पट केला की पृष्ठभाग चौपट होतो, हा त्यामागचा हिशेब. पण मोठी छत्री वाऱ्यालाही चौपट अंग देते. उन्हाळ्यात 'शमाल' हा धुळीचा वारा सुटला की आमची छत्री केसभर हलायची, आणि केसभर पुरेसं होतं. साडेत्र्याण्णव आणि ९५ या दोन उपग्रहांत अंतर फक्त दीड अंशाचं आहे.

सिग्नल पकडण्याचं काम एकदा स्वतः बघावं. आमच्याकडे आलेला फिटर मल्याळी होता. तो गच्चीवर, हे खाली टीव्हीसमोर आणि मी मध्ये जिन्यात फोन घेऊन, कारण गच्चीच्या लोखंडी दारापाशी त्याच्या मोबाइलला रेंज नव्हती. हे ओरडायचे "ऐंशी!", मी वर ओरडायचे "ऐंशी!", आणि वरून उत्तर यायचं, "कौनसा ऐंशी, मॅडम?" त्या दिवशी कळलं की पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथची पट्टी छत्री चुकीच्या उपग्रहाकडे, नुसत्या मोकळ्या आकाशाकडे रोखली तरी वर जाते. खरी ती क्वालिटी. ती शून्यावर असेल तर स्ट्रेंथ नव्वद असली तरी चित्र नाही.

तासभर खटपट करूनही क्वालिटी हलेना, तेव्हा फिटरने छत्रीला हात न लावता तिच्या तोंडाशी असलेला एलएनबी पकडीत सैल केला आणि नळाच्या तोटीसारखा थोडा फिरवला. पट्टी एकदम पासष्टवर गेली. सिग्नल उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रतलांत येतात आणि उपग्रह जितका बाजूला तितका एलएनबी तिरका करावा लागतो. ८३ अंशांसाठी पुण्यात हा तिरकेपणा २५ अंशांच्या आसपास, शारजात ४५ च्या. कऱ्हाडातल्या फोटोत दिसतो तसा एलएनबी बसवला तर शारजात चित्र येणार नाही, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

इथवर तांत्रिक बाजू झाली. ती पैसे आणि धीर असेल तर सुटते. करार मात्र सुटत नाही.

भारतात डीटीएचची मार्गदर्शक तत्त्वं २००१ साली आली. त्यांखाली कंपनीला मिळणारा परवाना भारतातल्या सेवेपुरता असतो. ग्राहक म्हणून आपण जो अर्ज भरतो त्यातही बॉक्स कुठल्या पत्त्यावर बसणार ते लिहिलेलं असतं. मालिका, सिनेमे आणि विशेषतः क्रिकेट यांचे हक्क देशागणिक विकले जातात. मुंबईत सामना दाखवायचे पैसे एकाने दिलेले असतात, दुबईत दाखवायचे दुसऱ्याने. आपण भाऊजींच्या नावाने नियमित रिचार्ज भरत असलो, एक रुपयाही बुडवत नसलो, तरी शारजात ते चित्र बघताना दुबईवाल्याचं काहीतरी उचलत असतो. मला हे बरीच वर्षं पटत नव्हतं. 'पैसे भरतोय ना' हा माझा मुद्दा होता.

तोच मुद्दा कॅनडात अनेकांचा होता. तिथले लोक अमेरिकेतल्या कुणाच्या तरी पत्त्यावर अमेरिकन सॅटेलाइट टीव्हीचं वर्गणीदार होत, बिलं इमानदारीने भरत आणि छत्री कॅनडात लावत. त्याला 'ग्रे मार्केट' म्हणत, म्हणजे काळं नाही पण पांढरंही नाही. २००२ च्या एप्रिलमध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेल एक्स्प्रेसव्ह्यूच्या खटल्यात हा करडा रंग पुसून टाकला. कॅनडात हक्क असलेल्या वितरकाकडून आणि त्याच्या परवानगीने सोडवलेला सिग्नल सोडून बाकी कुठलाही सांकेतिक सिग्नल सोडवणं बेकायदा, पैसे भरलेले असोत वा नसोत. युरोपात मात्र उलटं घडलं. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या कॅरेन मर्फी या पबमालकिणीने ग्रीक कंपनीचं कार्ड आणून फुटबॉल दाखवलं, आणि २०११ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपीय न्यायालयाने परदेशी कार्डावर सरसकट बंदी घालता येणार नाही असा निर्णय दिला. पण तो युरोपीय संघाच्या एकाच बाजारापुरता. भारत आणि अमिराती यांच्यात तसा एक बाजार नाही, त्यामुळे मर्फीबाईंचा दाखला अल नहदाच्या वॉचमनला देऊन उपयोग नाही.

अमिरातीत भारतीय बॉक्स विकणाऱ्या दुकानांवर छापे पडलेले आहेत. कॉपीराइटचा कायदा २०२१ मध्ये नव्याने केला गेला आहे. इमारतींचे नियम वेगळेच. अबू धाबीत बाल्कनीला छत्री लटकवायला बंदी आहे. सिंगापूरसारख्या ठिकाणी तर खासगी छत्रीला मुळात परवाना लागतो. घर भाड्याने घेतानाच कागदात डिशबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असते हेही विचारून घ्या.

समजा तरीही कुणी बॉक्स नेलाच. मग मोडतं कुठे, तर फोन नंबरवर. डीटीएचचं खातं हल्ली नोंदवलेल्या मोबाइलला बांधलेलं असतं. पॅक बदला, ओटीपी. तक्रार नोंदवा, ओटीपी. भाऊजींनी एकदा नंबर बदलला आणि आम्ही दोन आठवडे बिनटीव्हीचे राहिलो. शिवाय रिचार्ज केल्यावर हक्काचा संदेश उपग्रहावरूनच बॉक्सपर्यंत येतो. बॉक्स चालू असावा लागतो आणि सिग्नल धड असावा लागतो. सिग्नल अर्धवट असेल तर पैसे गेले तरी चॅनल उघडत नाहीत. मग कस्टमर केअरला फोन करून 'रिफ्रेश मारा' म्हणायचं, आणि तो विचारतो, "मॅडम, इंजिनिअर पाठवू का? कऱ्हाडच्या पत्त्यावर?" काय सांगणार?

मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये काही दिवस रोज ठराविक वेळी पाच-दहा मिनिटं चित्र जातं, तेव्हा घाबरून छत्री हलवू नका. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीशी येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. आपोआप येतं.

आता करायचं काय? आधी एक कागद घ्या आणि घरात खरोखर काय बघितलं जातं ते लिहा. आमच्या यादीत शेवटी तीनच गोष्टी उरल्या: दोन मालिका, संध्याकाळच्या बातम्या आणि गणपतीतले दहा दिवस. यासाठी चार फुटी छत्री कशाला हवी होती, असा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

बातम्या सगळ्यात सोप्या. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. मालिकांसाठी त्या-त्या वाहिनीचं अधिकृत ॲप बघा, पण भारतातलं खातं तसंच चालेल असं समजू नका. झी फाइव्हने २०१८ मध्ये परदेशासाठी वेगळी सेवा सुरू केली. इतर ॲपचंही थोड्याफार फरकाने तसंच आहे. भारतातला वार्षिक प्लॅन भरून विमानात बसायचं आणि दोह्याला उतरल्यावर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं वाचायचं, हा अनुभव अनेकांच्या गाठी आहे. उतरल्यावर, तिथल्या नेटवरून, तिथली किंमत बघून घ्या. अमिरातीत ई-लाइफ आणि डू या घरगुती इंटरनेटच्या जोडण्यांबरोबर भारतीय चॅनलांचे पॅक मिळतात. नुसतं 'इंडियन पॅक' ऐकून सही करू नका. हिंदी आणि मल्याळमची रांग लांब असते, मराठीचं नाव शोधावं लागतं. यादी छापील मागा आणि आपला चॅनल बोटाने दाखवा.

'व्हीपीएन लावला की सगळं दिसतं' असं सांगणारा एक पुतण्या प्रत्येक कुटुंबात असतो. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात आयपी पत्ता लपवून गुन्हा करण्याला किंवा गुन्हा झाकण्याला पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड आणि कैदही आहे. ऑफिसच्या कामासाठी कंपनीचा व्हीपीएन वापरणं वेगळं आणि हक्क नसलेली मालिका बघणं वेगळं. ही सीमारेषा कुठे आहे ते स्वतःच्या व्हिसावर तपासून बघायची गरज नाही. तसंच 'पाच हजार चॅनल, वर्षाला दोनशे दिरहम' वाले अँड्रॉइड बॉक्स. ते माझ्या चौथ्या महिन्यात काळ्या पडलेल्या पडद्याचेच नवे अवतार आहेत.

छत्रीचीच हौस असेल तर डीडी फ्री डिश आहे. २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची ही सेवा बिनवर्गणीची. करार नाही, कार्ड नाही, दरमहा रिचार्ज नाही. डीडी सह्याद्री त्यावर आहे. मोठी छत्री लागेल, ती लावूनही सगळे चॅनल मिळतील याची हमी नाही, आणि इमारतीची परवानगी हवीच. पण यात कुणाच्या नावावर खोटा पत्ता टाकावा लागत नाही. माझ्या लेखी आखातातल्या मराठी घराला आकाशातून येणारी हीच एक सरळ वाट आहे.

उलट्या दिशेची सीमा मात्र बहुतेकांना ओलांडावी लागते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आईवडील गावी, डीटीएच त्यांच्या घरी, रिचार्ज भरणारा मुलगा मस्कतला. इथे काही बेकायदा नाही, फक्त गैरसोय आहे, आणि ती आता बरीच कमी झाली आहे. २०२३ पासून एनआरई किंवा एनआरओ खातं आणि परदेशी मोबाइल नंबर यांवर यूपीआय सुरू करता येतं. पहिल्या यादीत दहा देश होते आणि अमिराती, ओमान, कतार, सौदी त्यांत आहेत. परदेशातल्या नातेवाइकांना भारतातल्या घराची बिलं परस्पर भरता यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये भारत बिल पेमेंटची वाट मोकळी करण्याचं जाहीर केलं. आपल्या बँकेला किंवा एक्स्चेंजवाल्याला विचारून बघा. भारतातला जुना प्रीपेड नंबर ओटीपीसाठी ठेवला असेल तर तो नव्वद दिवस न वापरता पडू देऊ नका, बंद होतो. खात्यात निदान वीस रुपये शिल्लक असू द्या.

आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांच्या पॅककडे एकदा बघाच. २०१९ पासून हवे तेवढेच चॅनल निवडून तेवढ्याचेच पैसे भरता येतात, पण म्हातारी माणसं कंपनीने लावून दिलेला पॅक वर्षानुवर्षं भरत राहतात. सासूबाईंच्या पॅकमध्ये तीन इंग्रजी सिनेमांचे चॅनल आणि एक गोल्फचा कार्यक्रम दाखवणारा निघाला. रिमोटवर खाजगी खूण म्हणून त्यांनी झी मराठी आणि सह्याद्रीच्या आकड्यांवर लाल नेलपॉलिश लावलेलं होतं. बाकीचे काढून टाकले, त्यांना पत्ताही लागला नाही. त्यांच्या बॉक्सचा नंबर आणि ग्राहक क्रमांकही आपल्या फोनमध्ये लिहून ठेवा. फोनवरून "आई, बॉक्सच्या मागचा नंबर वाच" म्हणणं म्हणजे बॉक्सच्या मागे धूळ, धुळीत चष्मा, आणि अर्ध्या तासाने 'मेड इन' पर्यंतचं वाचन.

एक शेवटचं. देश सोडताना छत्री उतरवा. आम्ही बॉक्स आणला, छत्री तशीच ठेवली, म्हटलं पुढच्याला उपयोगी पडेल. घरमालकाने ती काढायचे आणि गच्चीतली दोन भोकं बुजवायचे दोनशे दिरहम डिपॉझिटमधून कापले.